तुम्ही खोलीतच बसा

बर्लिन

तिकडून फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो : "एवढ्याशा पोरीला परक्यांच्या हवाली करताना जीव कसा होतो गं?" परदेशात मूल वर्षाचं झालं की त्याला पाळणाघरात टाकतात, असा आपल्याकडे पक्का समज आहे. वर्षाची मुलं जातात हे खरं. २०१३च्या ऑगस्टपासून जर्मनीत एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा जागेवर कायदेशीर हक्क आहे. पण 'टाकतात' हे साफ चूक. मला तर तीन आठवडे तिथून हलू दिलं नाही.

पाळणाघराला इथे 'किटा' म्हणतात. मूल रुळवण्याची जी रीत आमच्या किटात पाळतात, ती १९८०च्या दशकात याच शहरात आखली गेली आणि बर्लिनच्याच नावाने ओळखली जाते. पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने मुलाबरोबर त्याच खोलीत तासभर बसायचं. मुलाला पुढे ढकलायचं नाही, नुसतं तिथे असायचं. चौथ्या दिवशी त्याला सांगून, निरोप घेऊन बाहेर पडायचं, तेही फार तर अर्धा तास. नजर चुकवून सटकायचं नाही. हा पहिला निरोप सोमवारी कधीच नसतो, कारण दोन दिवस घरी राहून आलेलं मूल सोमवारी पुन्हा नवखं झालेलं असतं.

चौथ्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले. समोर गुडघ्याएवढ्या उंचीवर खुंट्या, प्रत्येकीवर एकेका मुलाचा फोटो, खाली चिखलात खेळायच्या रबरी विजारी. आतून लेकीचं रडणं सुरू झालं. मी विजारी मोजत राहिले. अकरावर आले तेव्हा दार उघडलं. "आत या, माझ्याकडे ती शांत होत नाहीये. आणखी काही दिवस तुम्ही खोलीतच बसा." त्या ताईंच्या आवाजात वैताग नव्हता. रडं थांबवणं हे त्यांचं काम होतं, आणि ते अजून जमलेलं नव्हतं, एवढंच.

मला साताऱ्याची माझी बालवाडी आठवली. बाई दारातच मूल आईच्या कडेवरून ओढून घ्यायच्या. "तुम्ही जा हो. दोन दिवस रडेल, मग बसेल आपोआप." आजही जूनमध्ये कुठल्याही गेटवर हेच ऐकू येतं, आणि गप्प न बसणाऱ्याला पोलिसकाकांचा धाक. मला याचा राग येतो, कारण आपल्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. शब्द तेवढा देशभर गेला.

इथलं सगळंच मला पटतं असं मुळीच नाही. ताई आजारी पडल्या की सकाळी साडेसहाला निरोप येतो : आज दोनलाच बंद. नोकरी करणाऱ्या आईने काय करावं? मागे लेकीच्या दंडावर दातांचे वण दिसले. कधी, कुठे, बर्फ किती वेळ लावला, सगळं कागदावर लिहिलेलं. "चावलं कोण?" मी विचारलं. "ते आम्ही कुठल्याच पालकांना सांगत नाही." मी चिडले. दोन महिन्यांनी तसाच कागद दुसऱ्या आईच्या हातात होता आणि चावणारी माझी लेक होती. तिला कोणी 'सॉरी म्हण' म्हणून दरडावलं नव्हतं. त्या मुलाच्या हातावर बर्फ धरायला शेजारी बसवलं होतं. त्याची आई दारात भेटली, नेहमीसारखी हसली. तिला माहीतच नव्हतं.

पुण्याची धाकटी बहीण भाचीला यंदा शाळेत घालतेय. पालकांना गेटच्या आत प्रवेश नाही, असं छापील पत्र तिला आलंय. मी म्हटलं, फी, गणवेश काही बोलू नकोस, फक्त तीन दिवस खोलीत बसायची परवानगी माग. तिने मागितली. "मॅडम विचारून सांगते म्हणाल्यात, ताई," असा काल तिचा फोन आला.

शाळा सोमवारी सुरू होतेय.