पहिला अधिकार हाती येतो तेव्हा : राजर्षी शाहू महाराजांकडून काय शिकावं?



जून महिना आला की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. जुने विद्यार्थी निकालाचे, नोकरीचे पेढे घेऊन घरी येतात आणि २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती साजरी होते. यंदा एक विद्यार्थिनी आली. पदवी घेऊन तीन वर्षं झाली, आता तिच्या हाताखाली आठ माणसं दिलीत. पेढा हातावर ठेवून म्हणाली, "सर, बढती मिळाली, पण भीती वाटते. माझं कोण ऐकणार?"

हा प्रश्न आपल्या मुलामुलींना आज ना उद्या पडणारच. म्हणून तिला जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

महाराजांचा जन्म १८७४ चा. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला, तेव्हा वयाची वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. म्हणजे आपल्या कॉलेजातल्या पोराएवढे! ते राजे होते, त्यामुळे हुकूम ऐकला जाणारच होता. पण नुसत्या हुकमानं काम होत नाही, हे त्यांना फार लवकर कळलं. 'माझं कोण ऐकतं' यापेक्षा 'माणसाचं पाऊल कुठं अडतं' हे ते बघत राहिले. माझ्या मते नेतृत्वाचा सगळा धडा एवढाच आहे.

एक अडथळा काढला की पुढचा दिसतो

बहुजनांची मुलं शिकावीत असं महाराजांना वाटे. पण शाळा आहे म्हणून मूल शिकतंच असं नाही. खेड्यातून शहरात आलेल्या पोरानं राहायचं कुठं, जेवायचं कुठं? १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एक वसतिगृह निघालं, पण प्रत्यक्षात त्याचा लाभ ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरताच राहिला. पहिला प्रयत्न फसला. महाराजांनी विचार सोडला नाही, वाट बदलली. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघालं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं.

बरं, शिकून पुढं काय? नोकरीचं दार बंद असेल तर बाप मुलाला शिकवेल कशाला? २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा आला: यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. तरीही गरीब घरातलं पोरगं गुरांमागंच राहायचं. मग १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड!

बघा, शाळा, वसतिगृह, नोकरी, सक्ती. प्रत्येक पाऊल मागच्या पावलाची उणीव पाहून टाकलेलं आहे. नव्या अधिकाऱ्यानं पहिल्याच दिवशी मोठी योजना मांडायची गरज नसते. काम कुठं अडतंय हे आधी शांतपणे बघावं. पहिला उपाय फसला तर लाजू नये.

सांगून सोडू नये, हिशेब घ्यावा

१९०२ च्या त्या आदेशात आणखी एक गोष्ट होती, ती सहसा सांगितली जात नाही. केलेल्या नेमणुकांची माहिती खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी पाठवायची होती. चांगला विचार कागदावर राहू नये, याची ही सोय. आपण मात्र "मी तर सांगितलं होतं" म्हणून हात झटकतो.

स्वतः पुढं व्हावं

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापुरात घरोघरी माहीत आहे. संस्थानच्या चाकरीतल्या या माणसानं पाण्याला हात लावला म्हणून, महाराज परगावी असताना, त्याला मारहाण झाली. महाराजांनी परतल्यावर मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला धंद्यासाठी मदत दिली. त्यानं चहाचं दुकान काढलं, पण तिथं चहा प्यायला येणार कोण? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले.

अस्पृश्यता मानू नका, असा हुकूम काढणं सोपं होतं. तो कप चारचौघांत ओठाला लावणं अवघड होतं. आपल्या मुलांकडं राज्य नाही, पण असा एखादा कप प्रत्येक ऑफिसात असतो. डब्याला कुणी बोलवत नाही असा सहकारी असतो, चूक एकट्याच्या माथी मारलेला नवखा मुलगा असतो. तिथं पहिल्यांदा कोण जाऊन बसतं, हे सगळे बघत असतात. माणसं नंतर त्याचंच ऐकतात.

आपल्यामागं काय राहतं?

महाराज १९२२ मध्ये गेले, तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी जन्मलेले आणि कोल्हापुरात शिकलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली होती. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींची मुलं एकत्र ठेवणारं वसतिगृह सुरू केलं. तीन वर्षांनी गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. कोल्हापुरात वसतिगृहं जातवार होती, साताऱ्यात सगळी मुलं एका छताखाली आली. आपल्यानंतर येणारा आपल्याही पुढं गेला, यापेक्षा मोठं यश कोणतं?

आता आपण काय करायचं? वर्गात मॉनिटर नेमताना "गोंगाट करणाऱ्यांची नावं लिही" एवढंच काम देऊ नका. "आज कुणाला धडा समजला नाही, ते मला सांग" असंही सांगा. घरी मुलगा नोकरीवरून आला की "साहेब काय म्हणाले?" याबरोबर "आज कुणाचं काम सोपं केलंस?" हेही विचारा.

त्या विद्यार्थिनीला मी शेवटी एकच विचारलं, "तुझ्या आठ जणांत सगळ्यात गप्प कोण असतं, आणि का?"

ती थोडा वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "कोण ते माहीत आहे सर. का, ते कधी विचारलंच नाही."

म्हटलं, "मग सोमवारी तिथूनच सुरुवात कर."