तुमच्या चटणीचं उत्तर फूड टेक्नॉलॉजीच्या कॉलेजात मिळू शकतं



"सर, माझी शेंगदाण्याची चटणी किती दिवस टिकेल?" हा प्रश्न मला सतत येतो. मी उलट विचारतो, "लेबलवर काय छापलंय?" उत्तर येतं, "सहा महिने. बाजारातल्या दुसऱ्या पाकिटावर तेच होतं."

इथेच धंद्याला धोका आहे. भाजलेल्या शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होतं. दुसऱ्याचं पॅकिंग वेगळं, भाजणं वेगळं, मग त्याची तारीख तुम्हाला कशी चालेल? चौथ्या महिन्यात गिऱ्हाइकाने पाकीट फोडलं आणि वास आला, तर दुकानदार पुढची ऑर्डर देणार नाही. तारीख छापली म्हणजे तुम्ही शब्द दिला.

मग तपासायचं कुठे? एक रस्ता असा आहे, ज्याकडे छोटे उद्योजक फारसे वळत नाहीत. फूड टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो, एम.टेक., एम.एस्सी.वाल्यांना प्रबंध लिहावा लागतो. त्यांना खरा विषय हवा असतो आणि तुमच्याकडे खरा प्रश्न आहे! परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय 1976 पासून आहे. मुंबईत माटुंग्याला इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, फूडचा विभाग आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही हा विषय शिकवतात. तुमच्या जिल्ह्याजवळचं कॉलेज आधी शोधा.

जाताना एकच प्रश्न घेऊन जा

"सर, आमचा प्रॉडक्ट सुधारून द्या" असं म्हणू नका. त्यावर कोणीच काम करू शकत नाही. असं लिहून न्या: "आमची चटणी साध्या प्लास्टिक पिशवीत दीड महिन्यात खवट लागते. तीन महिने टिकायला कोणतं पॅकिंग लागेल?" हा झाला प्रोजेक्ट.

आता विद्यार्थी काय करेल ते बघा. एकाच घाण्याचा माल तीन प्रकारे भरेल: साधी पिशवी, मेटलाइज्ड पाऊच आणि काचेची बरणी. काही पाकिटं नेहमीच्या तापमानाला ठेवेल, काही 45 अंशांना. तापमान 10 अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे 25 अंशांवर तीन महिन्यांत जे होईल, ते 45 अंशांवर तीनेक आठवड्यांत दिसू शकतं. हा अंदाजच असतो, म्हणून शेजारी नेहमीच्या तापमानाची पाकिटंही तपासतात. ठरावीक दिवसांनी ओलावा मोजतात, तेल किती खराब झालं ते पेरॉक्साइड व्हॅल्यूवरून बघतात आणि काही लोकांना चव देऊन 1 ते 9 असे गुण मागतात. शेवटी तुमच्या हातात आकड्यांचा तक्ता येतो. पाऊचला जास्त पैसे घालायचे की नाही, हे त्यावरून ठरवा.

वेळ कॉलेजच्या कॅलेंडरने चालते

विषय बहुतेक ठिकाणी सत्र सुरू होताना ठरतात. परीक्षा तोंडावर आल्यावर गेलात, तर हात हलवत परत याल. आधी विभागप्रमुखांना किंवा मार्गदर्शक प्राध्यापकांना भेटा. पोराला थेट पकडू नका, कारण विषय मंजूर सर किंवा मॅडमच करतात. माल, पॅकिंग आणि रसायनांचा खर्च कोण करणार, ते पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा.

रेसिपीचं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. प्रबंध ही लपवून ठेवायची वस्तू नाही. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या ऑनलाइन संग्रहात ठेवले जातात. तुमचा मसाला ग्रॅमसकट त्यात छापला गेला, तर परत घेता येणार नाही. आपल्याकडे धंद्याच्या गुपितासाठी वेगळा कायदा नाही, आधार असतो तो लेखी कराराचाच. म्हणून काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या: रेसिपीतलं काय छापायचं आणि काय नाही, निकाल कोण वापरू शकेल, आणि नवीन काही निघालं तर मालकी कोणाची. पॅकिंगच्या तपासणीला तर तुमचं मसाल्याचं प्रमाण लागतच नाही. तयार चटणी द्या, मसाला घरीच ठेवा.

विद्यार्थ्याच्या बाजूनेही बघा

तो फुकटचा कामगार नाही. त्याला मार्क मिळवायचेत, पुढे नोकरी शोधायचीय. माल वेळेवर पोचवा, फोन उचला, युनिट दाखवा, जमेल तसा प्रवासखर्च द्या. आणि उत्तर मनासारखं आलं नाही, दोन महिनेच निघाले, तरी "सहा लिही ना" असं म्हणू नका. खोटे सहा महिने तुम्हाला दुकानात महाग पडतील, खरे दोन महिने धंदा वाचवतील.

एक लक्षात ठेवा: प्रोजेक्टचा रिपोर्ट निर्णय घ्यायला उपयोगी आहे, पण तो अधिकृत लॅब रिपोर्ट नव्हे. जिथे तसा रिपोर्ट मागतात, तिथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच तपासणी करून घ्यावी लागते. फायदा एवढा, की तिथे तुम्ही तीनऐवजी एकच पॅकिंग घेऊन जाल.

या आठवड्याचं होमवर्क: तुमच्या प्रॉडक्टबद्दलचा एकच प्रश्न, आकड्यासकट, दोन ओळींत लिहा. तो जमला की कॉलेजला फोन लावा.