ओढणारा पतंग आणि सोडणारा हात

समजा तुम्ही नाशिकच्या सातपूरला राहता. संक्रांतीचा दिवस आहे. सातपूर कॉलनीतल्या एका गच्चीवर तुम्ही पतंग उडवीत उभे आहात. पलीकडे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची पत्र्याची छपरे चमकत आहेत. पतंग ढील मागतो, तुम्ही ती देता. मध्येच एक जोराची झुळूक येते आणि पतंग हाताला असा हिसका देतो, की मागे चक्री धरून उभा असलेला धाकटा भाऊ दचकतो!

काही ग्रॅम वजनाच्या कागदाने एवढी ओढ कोठून आणली? आणि हाच पतंग दारावरच्या पडद्याएवढा मोठा केला, तर तो आपल्यालाच ओढून नेईल काय?

होय, नेईल. तसे पूर्वी घडलेही आहे.

घोड्यांवाचून गाडी

आकाशातील वीज आणि पतंग यांच्या गोष्टीमुळे बेंजामिन फ्रँकलिन तुमच्या परिचयाचा आहे. लहानपणी तो एका तळ्यात पाण्यावर उताणा पडला, पतंगाच्या दोरीची काठी हातात धरली आणि हातपाय न हलविता तळ्याच्या दुसऱ्या काठाला पोहोचला. म्हातारपणी, १७७३ साली, एका पत्रात त्याने ही गंमत लिहून ठेवली आहे. (तुम्ही मात्र हा प्रयोग मुळीच करू नका!)

पुढे इंग्लंडमधील ब्रिस्टॉल गावच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी पतंगाने ओढली जाणारी गाडी बनविली आणि १८२६ साली तिचे पेटंट घेतले. त्यांनी पतंगाला एकाऐवजी चार दोऱ्या लावल्या. दोऱ्या कमीजास्त ओढल्या की पतंग हवा तिकडे वळे आणि ओढही कमीजास्त होई. २००८ साली तर ‘बेलुगा स्कायसेल्स’ या मालवाहू जहाजाने १६० चौरस मीटरचा पतंग लावून अटलांटिक महासागर ओलांडला. इंजिनाला मदत करून तेल वाचविणे हे त्या पतंगाचे काम होते.

माणसाला ओढण्याइतका जोर असलेल्या पतंगाला ‘पॉवर काइट’ म्हणतात. आपण त्याला ओढपतंग म्हणू. त्याच्या एका प्रकारात काड्याच नसतात. १९६४ च्या सुमारास डोमिना जॅल्बर्ट या अमेरिकी संशोधकाने कापडाचे दोन थर एकमेकांना शिवून त्यांच्यामध्ये कप्पे ठेवले. पुढच्या तोंडातून वारा आत शिरतो, कप्पे फुगतात आणि त्या कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. वारा हाच त्या पतंगाचा सांगाडा!

समुद्रावर असे पतंग उडवायला शिकविणारे लोक गोव्याच्या मोरजी किनाऱ्यावर भेटतात. पण आपल्या गावात असा शिक्षक नसेल तर? तर दोन गोष्टींना गुरू करावे लागते. एक म्हणजे गणित आणि दुसरी म्हणजे शिस्त. आधी गणित पाहू.

दुप्पट वारा, चौपट ओढ

वारा एखाद्या पृष्ठभागावर किती दाब देतो, हे काढण्याचे सोपे सूत्र असे आहे :

दाब = १/२ × हवेची घनता × वेग × वेग

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तेथील हवेची घनता दर घनमीटरला साधारण १.१ किलोग्रॅम धरू. आता वेग घालून पाहा. वारा सेकंदाला ३ मीटर असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५ न्यूटन दाब येतो, म्हणजे अर्धा किलो वजनाइतका. वारा ६ मीटर झाला की २० न्यूटन, म्हणजे २ किलो. आणि १२ मीटर झाला की ८० न्यूटन, म्हणजे ८ किलो!

वारा दुप्पट झाला, पण जोर दुप्पट न होता चौपट झाला. वारा चौपट झाला, तर जोर सोळापट. सूत्रात वेग दोनदा येतो ना, त्याचा हा परिणाम. २ चौरस मीटरचा ओढपतंग म्हणजे साधारण आपल्या घराच्या दाराएवढा. स्थिर उभा असताना तो या तीन वाऱ्यांत ढोबळमानाने १, ४ आणि १६ किलोची ओढ देईल.

तुम्ही म्हणाल, “१६ किलो म्हणजे काय मोठेसे? तेवढी तर धान्याची पिशवी असते!” पण थांबा. खरी मेख पुढेच आहे.

पतंग स्वतःचा वारा तयार करतो

वारा अगदी पडलेला असतानाही सायकल जोरात चालविली की तोंडावर वारा लागतो. तो वारा तुम्हीच तयार केलेला असतो. ओढपतंग एका जागी उभा न राहता आडवा धावू लागला की तेच होते. तो पंखासारखा हवा कापीत जातो आणि त्याला मूळ वाऱ्यापेक्षा किती तरी जोराचा वारा लागतो. पतंगाला लागणारा वारा नुसता दुप्पट झाला, तरी ओढ चौपट. म्हणजे मघाचे १, ४ आणि १६ किलो आता ४, १६ आणि ६४ किलो झाले!

आता आपले स्वतःचे वजन आठवा. सातवी-आठवीतल्या मुलाचे वजन ४० किलोच्या आसपास असते. जोराच्या वाऱ्यात धावणारा दाराएवढा पतंग त्याला सहज उचलील. नवशिक्याला अपघात होतो तो येथेच. “मघाशी तर अगदी हलका लागत होता!” असे तो म्हणतो. मघाशी पतंग उभा होता, आता तो धावतो आहे, एवढे त्याच्या ध्यानात आलेले नसते.

यावरून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पतंगाचा जोर तुमच्या दंडातील ताकदीने आवरता येत नाही. पतंग कोठे न्यायचा, हे कळले तरच तो आवरतो.

कलिंगडाची पोकळ फोड

एका कलिंगडाचे चार सारखे भाग करा आणि त्यांपैकी एक आतून कोरा. वाऱ्याकडे पाठ करून तुम्ही उभे राहिलात, की पतंग तुमच्यासमोर अशाच आकाराच्या जागेत फिरू शकतो. तिच्यावर एक घड्याळ कल्पा. डोक्यावर १२, डाव्या हाताला जमिनीजवळ ९ आणि उजव्या हाताला ३.

१२, ९ आणि ३ या कडेच्या जागा. तेथे पतंग वाऱ्याला आपली धार दाखवितो, म्हणून ओढ कमी. समोरचा मधला खालचा भाग मात्र जोराचा. तेथे पतंग वाऱ्याला पूर्ण छाती देतो. म्हणून नवशिक्याने पतंग प्रथम १२ वर न्यावा आणि तेथेच ठेवायला शिकावे. मग १२ वरून १० पर्यंत जाऊन परत, नंतर २ पर्यंत जाऊन परत. उजवी दोरी ओढली की पतंग उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. उतरविताना तो हळूहळू ९ किंवा ३ कडे न्यावा. मधल्या भागातून वेगाने जाणे हा फार पुढचा धडा आहे.

आधी सोडायला शिका

नाशिक जिल्ह्यातील मुलांना पतंग काही नवा नाही. येवल्याला तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांचा उत्सव चालतो. तेथे चक्रीला ‘आसारी’ म्हणतात. वाऱ्याचा अंदाज, ढील केव्हा द्यायची, गोता खाणारा पतंग कसा सावरायचा, हे तुमच्या बोटांना आधीच ठाऊक असते. ओढपतंगाचे अर्धे शिक्षण येथेच झाले!

पण उरलेले अर्धे नेमके उलटे आहे. संक्रांतीला आपण काय शिकतो? काही झाले तरी मांजा हातून सोडायचा नाही! हिसका बसला की आपली मूठ आपोआप आवळते. ओढपतंगात हीच सवय घात करते. शिक्षक जवळ असता तर अशा क्षणी तो ओरडला असता, “सोड!” शिक्षक नाही, तर तो शब्द आपल्याच हाताला शिकवून ठेवला पाहिजे.

त्याचा सराव पतंगाशिवाय करता येतो. दोन दोऱ्यांना दोन मुठी बांधा आणि दुसरी टोके मित्राच्या हातात द्या. मित्राने न सांगता मध्येच हिसका द्यावा, तुम्ही त्याच क्षणी मुठी उघडाव्यात. असे शंभर वेळा करा. न विचार करता हात उघडू लागला, की पहिला धडा पुरा झाला.

चार दोऱ्यांच्या पतंगाला यासाठी मनगटपट्टे असतात. मुठी सोडल्या की पट्ट्यांमुळे फक्त मागच्या दोन दोऱ्या ताणल्या जातात. पतंगाचा आकार मोडतो आणि तो जोर गमावून खाली येतो. पट्टा नसलेला पतंग सोडला तर तो उडत जाऊन दुसऱ्याला इजा करील. म्हणून पट्ट्याशिवाय उडवू नये, आणि दोरी कमरेला किंवा हाताला कधीही गुंडाळू नये.

जागा आणि वेळ

गच्ची ही ओढपतंगाची जागाच नव्हे. कारखान्यांच्या शेडजवळचे मोकळे मैदानही फसवे असते. इमारतीवरून आलेला वारा भोवरे करीत उतरतो, आणि ही गडबड इमारतीच्या उंचीच्या दहापटीहून अधिक अंतरापर्यंत टिकते. १० मीटर उंच शेड असेल, तर तिच्यामागे १०० मीटरवरही वारा सरळ नसतो. विजेच्या तारा, रस्ता, झाडे आणि पाणी यांपासून दूर असलेला रुंद माळच हवा. ओझरला विमानतळ आहे आणि गांधीनगरला सैन्याची हेलिकॉप्टरे उडतात. त्या बाजूंना तर जाऊच नये.

वारा मोजायला उपकरण नसले तरी चालते. ब्यूफोर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५ साली समुद्रासाठी वाऱ्याची पट्टी तयार केली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणाही जोडण्यात आल्या. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, हलका झेंडा फडकतो, तेव्हा वारा सेकंदाला साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर असतो. शिकायला हा पुरे. धूळ आणि कागद उडू लागले की तो साडेपाच ते आठ मीटर झाला. नवशिक्याने तेथेच पतंग उतरवावा. वैशाखातील दुपारी, वळवाचे ढग दिसत असताना, मैदानावर जाऊच नये. वळवाच्या आधी येणारा वारा काही मिनिटांत ३ मीटरचा १२ मीटर होऊ शकतो. म्हणजे किती पट ओढ, ते तुम्हाला आता काढता येते. शिवाय विजेची भीती वेगळीच.

पहिला पतंग दाराहून लहान असावा. हातमोजे आणि हेल्मेट घालावे आणि शेजारी एक मोठे माणूस हवेच. ओढपतंगाच्या दोऱ्या बारीक असतात. ताणलेली दोरी कातडी कापते, म्हणून समोरून कोणी जाऊ लागले की थांबावे. नायलॉन मांज्याने माणसे आणि पक्षी जखमी होतात, म्हणून २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर बंदी घातली, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

येत्या सुट्टीत एवढे करा

ओढपतंग मिळेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतून एक ताणकाटा मागून घ्या. मोकळ्या मैदानावर साधा कागदी पतंग साध्या सुती दोऱ्याने उडवा आणि दोरा ताणकाट्याच्या आकड्याला अडकवा. वहीत तीन रकाने आखा : झाडांवरून ठरविलेला वारा, पतंग उभा असतानाची ओढ आणि पतंग आडवा पळवितानाची ओढ. पाच वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी करा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातील फरक पाहा. तो फरक तुमच्या स्वतःच्या अक्षरात वहीवर उतरला, म्हणजे शिक्षकाने सांगितली असती ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्हाला वाऱ्यानेच सांगितली. मग पुढे कधी खरा ओढपतंग हाती आला, तर मूठ केव्हा उघडायची हे तुमच्या हाताला ठाऊक असेल.