टोमणा आणि पाणचक्की

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपाशी कधी निवांत थांबला आहात? 17व्या शतकातली ही करामत! लांबच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून गुपचूप येतं, उंचावरून पडतं आणि जडशीळ दगडी जातं गरागरा फिरवतं. वाटेत ते कुणाला दिसतही नाही.

टोमण्याचंही असंच. ‘तुला काय कळतंय?’ तीनच शब्द. ना ओरखडा, ना वळ. मग रात्रभर छाती का धडधडते?

बघा, हे पाणी कुठून कुठे जातं! मेंदूच्या आत बदामाएवढी अमिग्डला पहाऱ्याला बसलेली असते. अपमान तिच्या लेखी धोकाच. ती हाकाटी करते आणि पार मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. समोर वाघ असेल तर हे वरदान, कारण वाघ निघून जातो. पण रोजचा पाणउतारा? आठवडाभराचा अबोला? जातं थांबतच नाही. झोप उडते, विसराळूपणा वाढतो, उदासी मुक्कामाला येते. पुढे तर गल्लीत टोमणे मारणाऱ्याची स्कूटर वाजली तरी पोटात गोळा येतो. शब्दाचीही गरज उरत नाही! यात मनाचा कमकुवतपणा कसला? पाणी पडतंय म्हणून जातं फिरतंय.

‘शब्द जिव्हारी लागला’ असं आपण उगाच म्हणत नाही. 2003 मध्ये अमेरिकी संशोधकांनी स्कॅनरमधल्या माणसांना संगणकावरच्या चेंडूच्या खेळातून वगळलं. शरीराची वेदना सलते तेव्हा जागा होणारा मेंदूचा एक भाग तेव्हाही जागा झाला! आपल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानेही शाब्दिक आणि भावनिक छळाला हिंसाच म्हटलं आहे.

आणखी एक नवल. भावनेला शब्दांत नाव दिलं की अमिग्डलाची खळबळ ओसरते, असं 2007 च्या एका प्रयोगात दिसलं. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर काय करत होत्या? सासुरवासाला ओवीत नाव देत होत्या! हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. केवढं हे बोलून दाखवलेलं मन!

आज घरात जातं नाही. पण 14416 वर ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी रात्रंदिवस, मोफत, मराठीतही ऐकते. सुरुवात एवढीच पुरे: ‘मला बोलणं लागतं.’