छापलं सपाट, उमललं पाण्यात

प्रिंटरमधून निघते एक पातळ, सपाट नक्षी. पाण्यात सोडा, काही मिनिटांत पाकळ्या वळतात, पीळ घेतात आणि समोर ऑर्किड! मोटर नाही, बॅटरी नाही. हार्वर्डमध्ये जेनिफर लुईस आणि एल. महादेवन यांच्या चमूने २०१६ मध्ये हे करून दाखवलं.

सगळी करामत शाईची. पाणी पिऊन फुगणारं जेल आणि त्यात लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू. शाई नोझलमधून बाहेर येताना हे तंतू रेषेच्या दिशेने सरळ होतात. मग जेल लांबीला फारसं वाढत नाही, आडवं मात्र ऐसपैस फुगतं. (पावसाळ्यात लाकडी दार रुंदीलाच फुगून का अडकतं, त्याचं उत्तरही हेच.) खालच्या थरातल्या रेषा एकीकडे, वरच्या दुसरीकडे, दोघांचं फुगण्यावरून जमत नाही, म्हणून पाकळी वळते. कोन बदला, पीळ बदलतो.

हवा तो बाक येण्यासाठी रेषा कशा आखायच्या, हे खरं डोकेफोडीचं काम. त्यासाठी आधार घेतला तिमोशेंको यांच्या १९२५ च्या गणिताचा. ते मांडलं होतं थर्मोस्टॅटमधल्या दोन धातूंच्या पट्टीसाठी! आणि महादेवन? आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. पातळ पत्र्या-कापडांना सुरकुत्या कशा पडतात यावरच्या अभ्यासासाठी २००७ चं इग नोबेलही त्यांच्या नावावर आहे.

या प्रकाराला ‘फोर-डी प्रिंटिंग’ म्हणतात; चौथी मिती वेळेची. नाव जरा जास्तच भारदस्त, पण एमआयटीच्या स्कायलर टिबिट्स यांनी २०१३ मध्ये टेडच्या मंचावरून ते गाजवलं. त्यांच्या प्रयोगशाळेतली छापलेली दोरी पाण्यात पडली की आपोआप दुमडून ‘एमआयटी’ ही अक्षरं व्हायची.

निसर्गाला हे जुनंच. पाइनचं शंकूफळ ओलं झालं की मिटतं, सुकलं की उघडतं, तेही झाडावरून पडून खवले पार मेल्यावरसुद्धा.

सगळ्यात चविष्ट प्रयोग कार्नेगी मेलन विद्यापीठातला, २०२१ चा. तिथे छपाई नाही, नुसत्या खाचा. सपाट पास्त्याच्या एका बाजूला खाचा पाडल्या की उकळताना दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत आणि पास्ता आपसूक वळतो. पाकिटात हवा भरून विकायची गरज नाही. चमूतल्या एकीने तो डोंगरभटकंतीला नेला. सॅकमध्ये जागा थोडी लागली, धक्क्यांनी तुकडे पडले नाहीत आणि छोट्या स्टोव्हवर व्यवस्थित शिजलाही.