मिठाची काच आणि मनमाडची कोरडी हवा: पाणी न लागणारा एक धंदा

मागे मनमाडला आपलं शिबिर झालं, तेव्हा चहाच्या वेळेला एक तरुण जवळ आला. वडिलांचं चष्म्याचं दुकान, स्वतः बी.एस्सी. केमिस्ट्री, नाशिकच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये दोन वर्षं काढलेली. खिशातून त्याने एक डबी काढली. आत सिलिका जेलची पुडी आणि एक गोल काच, रुपयाच्या नाण्याएवढी.

"सर, ही काच नाही, क्षार आहे. पावसाळ्यात डबी उघडी राहिली की धुकट होते आणि लॅबवाले टाकून देतात. मी घासून परत चकचकीत करतो. यात धंदा आहे का?"

खरं सांगतो, मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचलं, दोन-चार लॅबवाल्यांशी बोललो, मग हे लिहायला बसलो.

औषधाचा कच्चा माल खरा आहे का, हे तपासायला लॅबमध्ये एफटीआयआर नावाचं यंत्र असतं. ते नमुन्यातून इन्फ्रारेड किरण सोडतं, साधारण 2.5 ते 25 मायक्रॉन लांबीचे. साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. म्हणून द्रव नमुन्याचा थेंब पोटॅशियम ब्रोमाइडच्या दोन चकत्यांमध्ये धरतात. सोडियम क्लोराइडच्याही चकत्या असतात, म्हणजे आपलं मीठच, पण एकसंध स्फटिकाचं.

अडचण एकच, पाणी. 100 मिली पाण्यात साधारण 65 ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड विरघळतं. बोटाचा घाम लागला तरी ठसा उमटतो. शिवाय माल मऊ. कडकपणाच्या मोजपट्टीवर गारगोटी 7, कॅमेऱ्याच्या भारी लेन्समध्ये वापरतात तो फ्लोराइट 4, आणि हे क्षार दोनच्या आसपास. चष्म्याची काच घासायच्या सवयीने दाब दिलात तर ओरखडेच पडणार. आणि ठरावीक पातळीत ते सरळ चिरतात. नाशिककडच्या खाणीतला ॲपोफिलाइट पाहिला असेल तर कळेल, थरावर थर सुटावा तसा तो फुटतो.

मग घासायचं कसं? पाण्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोटांना रबरी टोप्या. आधी खरबरीत केलेल्या सपाट काचेवर बारीक ॲल्युमिना पावडर टाकून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हलक्या हाताने फिरवायचं. मग ताणून बसवलेल्या कापडावर सेरियम ऑक्साइड. खरी मेख शेवटच्या चार हातांत आहे. कापड अर्धं ओलं, अर्धं कोरडं ठेवतात आणि चकती ओल्याकडून कोरड्याकडे झटकन नेतात. पृष्ठभागावर अल्कोहोल उडू दिलं तर तो गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि परत धुकं. तो मुलगा म्हणाला, पहिल्या डझनभर चकत्या याच पायरीवर गेल्या!

नवशिक्याच्या बाजूची गोष्ट ही, की इन्फ्रारेडची लहर डोळ्याला दिसणाऱ्या उजेडापेक्षा पाच ते पन्नास पट लांब असते. त्यामुळे सपाटपणातली थोडी चूक इथे खपते. दुर्बिणीच्या किंवा लेझरच्या फ्लोराइट लेन्सला ती खपत नाही. ते काम वेगळं, यंत्रं वेगळी, भांडवलही वेगळं. तिथे आत्ता उडी मारू नका. लेझर कटिंगवाले झिंक सेलेनाइडची लेन्स घेऊन आले तर हात जोडा, तिच्यावर कोटिंग असतं आणि भुकटी विषारी असते.

आता मनमाड. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघणाऱ्या गावात पाणी न लागणारा धंदा! फेब्रुवारी ते मे हवा कोरडी, म्हणजे काम सोपं. पण उन्हाळ्यात पाण्याचा कूलर लावलात तर संपलं, खोलीत ओल भरते. लहान बंद खोली, एसी, आर्द्रता दाखवणारं मीटर, एवढं हवंच. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा देवघराची समई त्या खोलीत नको.

गिऱ्हाईक कोण? एका बाजूला नाशिकचं अंबड, सातपूर आणि सिन्नर, दुसऱ्या बाजूला संभाजीनगरचं वाळूज. दोन्हीकडे मनमाड जंक्शनवरून थेट गाडी. जिल्ह्यातली फार्मसी कॉलेजं वेगळीच. चकती कुरिअरने पाठवण्यापेक्षा स्वतः नेलेली बरी.

पण मी गोड बोलून फसवणार नाही. नव्या यंत्रांत हिऱ्याच्या स्फटिकावर नमुना ठेवायची सोय येते, तिथे चकतीच लागत नाही. म्हणजे हे गिऱ्हाईक हळूहळू कमी होणार. यावर एकट्यावर घर चालवायचं ठरवू नका, दुकानाला जोडधंदा म्हणून बघा. दर ठरवताना नव्या चकतीचं कोटेशन मागवा आणि तुमचा दर त्याच्या बराच खाली ठेवा, कारण प्रत्येक पॉलिशला जाडी घटते. 4 मिमीची चकती कायम 4 मिमी राहत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. औषध कंपनीकडून चकती घेताना ती साफ करूनच मागा, वर कोणतं औषध लागलंय ते आपल्याला माहीत नसतं. जॉब वर्कचं चलन आणि उद्यम नोंदणी हे ओघाने आलंच.

त्या मुलाला मी एकच काम दिलं: पॉलिशच्या आधी आणि नंतर, रिकाम्या चकतीतून किती किरण पार होतात त्याचा आलेख काढ. ओळखीच्या कॉलेजमधून त्याने तो काढून आणलाय. येत्या सोमवारी सकाळच्या पंचवटीने तो नाशिकला निघतोय, डबीत चार चकत्या आणि फाइलमध्ये आठ आलेख.