आई कुठल्या खोलीत आहे?

जबलपूरच्या विजय नगरात, कचनार सिटीतल्या शंकराच्या ७६ फुटी मूर्तीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमचं दुमजली घर आहे. आईला विसरायला होऊ लागलं, तशी ती गॅसवर दूध ठेवून वर जायची आणि जिन्यातच थबकायची. कॅमेऱ्यांचं नाव काढताच कडाडली, "न्हाणीघरापर्यंत डोळे लावणार का माझ्या मागे?" बरोबरच होतं तिचं. आम्हाला चेहरा नको होता, खोली कळली की पुरे होतं.

जीपीएस घरात कुचकामाचं. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाचा क्षीण संदेश स्लॅबखाली येईतो विरतो. कारखान्यांत लहरीला लागणारा वेळ मोजणारी यंत्रणा बसवतात. नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर, या हिशेबाने ती वस्तूची जागा वीतभराच्या फरकाने सांगते. तेवढी चैन कशाला? आम्ही खोलीगणिक एक ईएसपी३२ बोर्ड घेतला, ब्लूटूथ ऐकणारा, जुन्या मोबाइल चार्जरवर चालणारा. आईसाठी बटण-सेलचा ब्लूटूथ टॅग. वायर ओढायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड उलटासुलटा करून विचारलं, "भैया, ये वाईफाई का बच्चा है क्या?"

टॅग सारखा हाका मारतो आणि बोर्ड फक्त हाक किती मोठी आली ते सांगतो. अंतर त्यावरून आपण ताडायचं. म्हणून आधी मोजणी. हॉलमध्ये टेप पसरून बरोबर एक मीटरवर स्टुलावर टॅग ठेवला. आकडे उणे येतात. शून्याकडे जितके सरकतील तितकी हाक मोठी. टॅग जागचा हलत नव्हता, तरी पडद्यावर उणे ५८, ६४, ६१, मधेच ७०! तीन वेगवेगळ्या वाहिन्यांवरच्या हाका आणि त्यांत भिंतींवरून परतलेले पडसाद, त्यामुळे ही नाचानाच. मिनिटभराचे आकडे उतरवून मधला ६१ धरला. मग सहज टॅग आणि बोर्डाच्या मध्ये उभा राहिलो, तर थेट ७२. माणूस म्हणजे पाण्याची पखाल, या लहरी पिऊन टाकतो. आईने नुसती पाठ फिरवली तरी बोर्डाच्या लेखी ती लांब जाणार.

पहिल्या रात्री आई वरच्या खोलीत झोपलेली आणि यंत्र म्हणतं हॉलमध्ये. हॉलचा बोर्ड मी हौसेने छताला चिकटवला होता, नेमका तिच्या पलंगाखाली! मधे फक्त स्लॅब. वरचा बोर्ड मात्र लोखंडी कपाटाआड. दोन्ही बोर्ड कंबरेच्या उंचीवर, एकमेकांपासून तिरपे लावले आणि जिन्याच्या वळणावर एक वाढवला. तेव्हा कुठे मजले सुटे झाले.

ही बसवणी फेब्रुवारीतली. एप्रिलमध्ये माळ्यावरून कूलर उतरला. पत्र्याचं अंग, पोटात पाणी, खिडकीत मुक्काम. त्याच्याशेजारचा बोर्ड ठार बहिरा झाला. आता आमच्याकडे आकड्यांच्या दोन वह्या आहेत, कूलरची आणि बिनकूलरची.

टॅग गळ्यात घालायला आई तयार नव्हती. "गाईची घंटा आहे का?" म्हणून तिच्या बटव्यात टाकला. दुपारपर्यंत ती घरातून नाहीशी! म्हणजे यंत्राच्या लेखी. बटव्यात लवंगा, सुपारी आणि बाबांचा जाडजूड अडकित्ता. टॅग त्या लोखंडाला चिकटून मुका झाला होता. शेवटी बायकोने आईच्या गाऊनना आतून, खांद्याशी एकेक खिसा शिवला. आंघोळीनंतर टॅग नव्या गाऊनमध्ये घालायचं काम नातीकडे.

एक कोडं मात्र बरेच दिवस सुटेना. सकाळी अकराच्या सुमारास पडद्यावर आई स्वयंपाकघर, हॉल, स्वयंपाकघर, हॉल अशी येरझारा घालताना दिसायची. गुडघे दुखणारी बाई एवढी कशी फिरते? जाऊन पाहिलं. उंबऱ्यावर बसू नये म्हणून लहानपणी आम्हाला धपाटे घालणारी आई स्वतःच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मेथी निवडत होती. खोली बदलल्याचं दहा सेकंद सलग दिसल्याशिवाय मानायचं नाही, असं यंत्रात भरलं. तिला उठवलं नाही.